मॅचची संध्याकाळ आणि चॉकलेटमधली स्ट्रॉबेरी : वाचकांचे प्रश्न

मॅच बघायला घरी दहा-वीस माणसं जमणार असली की वडे आणि वेफर्स ठरलेलेच. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या शेजारी चॉकलेटमध्ये बुडवलेल्या, बॉलसारख्या सजवलेल्या फळांचं ताट दिसू लागलं आहे. या सदराकडे आलेले प्रश्न मात्र कौतुकाचे कमी आणि फजितीचे जास्त आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : डार्क चॉकलेट डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून) वितळवलं. सुरुवातीला छान चमकत होतं. दहा-बारा स्ट्रॉबेऱ्या बुडवून झाल्या आणि एकदम शिऱ्यासारखं घट्ट, रवाळ झालं. गॅस वाढवला तर आणखी बिघडलं, दोन चमचे दूध घातलं तरी सुधारलं नाही. चॉकलेट खराब होतं का? (घोडबंदर रोड, ठाणे)

चॉकलेट चांगलंच होतं, त्यात पाणी गेलं. वितळलेलं चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात थोडंसं पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा होतो. दोनशे ग्रॅमला अर्धा चमचा पाणीही पुरतं. गंमत अशी, की थोडं पाणी चॉकलेट बिघडवतं आणि भरपूर पाणी त्याचा सॉस करतं. तुमचं दोन चमचे दूध या दोन्हींच्या मधेच कुठेतरी अडकलं. आता शंभर ग्रॅमला तीन-चार मोठे चमचे गरम साय किंवा दूध घालून ढवळा, गुळगुळीत सॉस होईल. तो आइस्क्रीमवर घाला. फळ बुडवायला त्याचा उपयोग नाही, कारण तो कडक होत नाही.

पाणी आलं कुठून? बहुतेक वेळा स्ट्रॉबेरीच्या हिरव्या टोपीखालून. वरून फळ कोरडं दिसतं, पण पानांच्या खाली धुतल्याचं पाणी दडून बसतं आणि फळ उलटं धरून बुडवलं की ओघळून खाली येतं. म्हणून स्ट्रॉबेरी बुडवण्याच्या दोन-तीन तास आधी धुवा, देठ काढू नका, एकेक फळ सुती कापडाने टिपा आणि पानं वर उचलून त्याखालीही टिपा. मग टोपी खाली, टोक वर असं कापडावर मांडून पंख्याखाली ठेवा. मध्येच एकदा कापड बदला. देठ काढला की कापलेल्या जागेतून रस येत राहतो, तो कितीही टिपला तरी थांबत नाही.

दुसरी वाट वाफेची. वरचं भांडं खालच्यापेक्षा रुंद घ्या, म्हणजे कडेने वाफ वर येणार नाही. पाणी वरच्या भांड्याच्या तळाला लागता कामा नये. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करा आणि मगच चॉकलेटचं भांडं वर ठेवा, तेवढी उष्णता पुरते. चॉकलेटवर झाकण कधीही नको. मायक्रोवेव्ह असेल तर जास्त निर्धोक: निम्म्या पॉवरवर आधी तीस सेकंद, मग पंधरा-पंधरा सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, उरलेले ढवळण्यात वितळतात.

तिसरी शक्यता जळण्याची. व्हाइट चॉकलेट यात सगळ्यांत नाजूक, कारण त्यात दूध आणि साखर जास्त असते. पाण्याने बिघडलेलं चॉकलेट ओलसर, पेस्टसारखं लागतं. जळलेलं कोरडं, भुगाभुगा होतं आणि करपल्याचा वास येतो. त्याला उपाय नाही, टाकून द्या.

आणि काही वेळा बिघडलेलं काहीच नसतं, चॉकलेट नुसतं गार झालेलं असतं. तेव्हा परत दहा-पंधरा सेकंद गरम केलं की झालं. तरीही जाडच वाटलं तर शंभर ग्रॅमला एक छोटा चमचा बिनवासाचं रिफाइंड खोबरेल घाला. वासाचं घातलंत तर स्ट्रॉबेरीला नारळीपाकाचा वास येईल, तो मॅचच्या मूडला शोभत नाही.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवून पाहुणे आल्यावर बाहेर काढल्या. पाच मिनिटांत चॉकलेटला घाम सुटला, नक्षी ओघळली, हाताला रंग लागला. फ्रिजचा काही दोष? (ऐरोली)

दोष आपल्या हवेचा. खाडीकाठची दमट हवा गार वस्तूला लागली की त्यावर पाणी साचतं, जसं गार पाण्याच्या ग्लासावर साचतं. ते पाणी चॉकलेटच्या वरची साखर विरघळवतं. सुकल्यावर तिथे पांढरट, खरखरीत डाग राहतात. तो डाग म्हणजे बुरशी नव्हे, खायला हरकत नाही, पण ताटाची शोभा जाते.

कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं) असेल तर घट्ट करायला फ्रिज लागतच नाही. एसी चालू असलेल्या खोलीत दहा-पंधरा मिनिटांत आवरण कडक होतं. स्वयंपाकघरात एसी नसतो, म्हणून बुडवण्याचं काम सरळ हॉलमधल्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून करा. एसी नसेलच तर फ्रिजमध्ये फक्त दहा मिनिटं ठेवा आणि काढा.

साठवायच्याच असतील तर हवाबंद डबा घ्या, तळाला टिश्यूचा थर द्या, फळं एकमेकांना न चिकटवता एकाच थरात मांडा. खरी युक्ती डबा बाहेर काढल्यावरची आहे: अर्धा तास झाकण उघडू नका. पाणी डब्याच्या बाहेरच्या बाजूला साचू दे. आतलं फळ खोलीच्या तापमानाला आलं की मग उघडा. घरातली मुलं हा अर्धा तास पाळत नाहीत, तेव्हा डबा उंच ठेवा.

बुडवण्याच्या वेळीही हाच नियम. फ्रिजमधून काढलेली गार स्ट्रॉबेरी लगेच बुडवली तर दोन गोष्टी होतात. तिच्यावर आधीच दव धरलेलं असतं, त्यामुळे आवरण घसरतं. आणि आत गार, बाहेर गरम यामुळे चॉकलेट चटकन आकसतं आणि तडकतं. फळ आधी बाहेर काढून अर्धा-पाऊण तास ठेवा, सुटलेला घाम टिपा, मगच बुडवा.

प्रश्न : चॉकलेटच्या खाली पसरट ‘पाय’ तयार होतात. ते कसे टाळायचे? (कोपरखैरणे)

चॉकलेट फार गरम असतं किंवा जास्तीचं निथळलेलं नसतं. बुडवल्यावर फळ गोल फिरवत वर उचला, भांड्यावर दोन-तीनदा हलकेच झटका, खालची बाजू भांड्याच्या काठाला एकदा पुसा आणि बटर पेपरवर ठेवा. ठेवताना अर्धा इंच पुढे सरकवलीत तर उरलासुरला पाय मागे राहतो. झालेच पाय, तर कडक झाल्यावर सुरीने कापा.

प्रश्न : स्ट्रॉबेरीचा क्रिकेट बॉल करायचा आहे. व्हाइट चॉकलेटमध्ये केकचा लाल जेल रंग घातला तर गोळा झाला. दुसऱ्यांदा पावडर घातली तर फिकट गुलाबीच आला. शिवण तर अजिबात जमली नाही. (वाशी)

इथेही पाणीच. केकच्या क्रीमसाठीचे जेल रंग पाण्यात केलेले असतात, ते चॉकलेटला चालत नाहीत. केकच्या सामानाच्या दुकानात तेलात विरघळणारे, म्हणजे चॉकलेटसाठीचे रंग मागा. पावडर असेल तर ती आधी अर्धा चमचा रिफाइंड तेलात किंवा कोको बटरमध्ये घोटून घ्या, नाहीतर ठिपके राहतात.

गुलाबीचं कारण वेगळं. व्हाइट चॉकलेटचा मूळ रंग पिवळट-पांढरा, त्यात लाल घातला की आधी गुलाबीच येणार. गडद लाल होईपर्यंत रंग ओतत राहिलात तर चव कडवट होते आणि जिभा लाल होतात. त्यापेक्षा दुकानात तयार लाल कंपाउंड मिळतं ते घ्या आणि त्याच्या दोनशे ग्रॅमला एक चमचा डार्क कंपाउंड मिसळा. चमकदार टोमॅटोचा लाल जाऊन कातड्याच्या बॉलचा मरून लाल येतो. बॉल नवा की पन्नास षटकं झालेला, हे त्या एका चमच्यावर ठरतं. घरीच रंग घातलात तर मिश्रण दहा मिनिटं तसंच ठेवून मग ठरवा, रंग उभ्या उभ्या थोडा गडद होतो.

आता आकार. स्ट्रॉबेरी निमुळती, बॉल गोल. कितीही शिवण काढली तरी ती लाल स्ट्रॉबेरीच दिसते, हे आधीच मान्य करा. खरा गोल बॉल हवा असेल तर रसभरी घ्या. थंडीच्या शेवटी बाजारात येते, साधारण सुपारीएवढी, आणि तिचं कागदी वेष्टन मागे वळवलं की धरायला आपोआप दांडी होते. वेष्टनाच्या आत फळाला चिकट थर असतो. तो ओल्या कापडाने पुसून फळ पूर्ण वाळवा, नाहीतर चॉकलेट पकडत नाही. रसभरी आंबट, चॉकलेट गोड, आमच्या मते चवीला ही जोडी स्ट्रॉबेरीहून सरस. वर्षभर चालणारा गोल बॉल हवा तर खजूर-बदामाचे छोटे लाडू वळा आणि तेच बुडवा.

शिवणीसाठी बटर पेपरचा त्रिकोण कापून घट्ट कोन वळा. पन्नास ग्रॅम व्हाइट कंपाउंड वितळवून ढवळत कोमट होऊ द्या. ओठाखाली लावून पाहिलं तर गरम लागता कामा नये. गरम असेल तर खालचा लाल थर वितळून शिवण गुलाबी होते. कोन अर्ध्याहून जास्त भरू नका आणि टोक सुईच्या जाडीएवढंच कापा. जास्त कापलं की परत जोडता येत नाही, नवा कोन करावा लागतो.

खऱ्या बॉलवर टाक्यांच्या सहा ओळी असतात. एवढ्याशा फळावर सहा काढायला गेलात तर पांढरा पट्टा होईल. दोनच समांतर रेषा काढा, मधे दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. प्रत्येक रेषेवर बाहेरच्या बाजूला तिरके, बारीक टाके द्या, एका बाजूचे डावीकडे झुकलेले, दुसऱ्या बाजूचे उजवीकडे. फळाच्या बरोबर मध्यावर रेषा काढली तर खेळणं वाटतं. किंचित बाजूला, धनुष्यासारखी वळवून काढली की बॉल फिरतोय असं वाटतं. हात थरथरत असेल तर मनगट टेबलावर टेकवा. आधी ताटलीवर पाच-सहा रेषा काढून हात बसवा, त्या खरवडून परत वितळवता येतात.

लाल बॉल कसोटीचा, हे लक्षात असू द्या. आयपीएलच्या किंवा वन-डेच्या पार्टीला चोखंदळ पाहुणे असतील तर पांढरा बॉल करा. आवरण व्हाइट कंपाउंडचं आणि शिवण डार्कची, म्हणजे रंगाची भानगडच नाही. पण पांढऱ्या आवरणातून स्ट्रॉबेरीचा लाल रंग झिरपून दिसतो. दोन थर द्या, पहिला पातळ देऊन कडक होऊ द्या, मग दुसरा.

प्रश्न : कंपाउंड घ्यावं की खरं चॉकलेट? (पाचपाखाडी, ठाणे)

पार्टीच्या सजावटीला कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे नुसतं वितळवलं तरी कडक आणि चमकदार बसतं. चवीला खरं चॉकलेट, म्हणजे कव्हर्चर, कितीतरी वरचढ, पण त्याला टेम्परिंग लागतं. डार्क असेल तर ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत खाली आणायचं आणि परत ३१-३२ वर नेऊन त्या तापमानात काम करायचं. थर्मामीटरशिवाय हे अंदाजपंचे जमत नाही. टेम्परिंग चुकलं की आवरण मऊ राहतं आणि त्यावर राखाडी रेघा उठतात. शिवाय आपल्या एप्रिल-मेच्या घरात तापमान ३२-३३ असतं, तिथे खरं चॉकलेट हातात धरताच मऊ पडतं. दोन्ही मात्र एकत्र मिसळू नका, त्यांच्या चरबी एकमेकांशी जमवून घेत नाहीत आणि थर नरम, डागाळलेला होतो.

प्रश्न : आयपीएलची खरी रंगत एप्रिल-मेमध्ये, तेव्हा स्ट्रॉबेरी संपलेली असते. मग काय? (नेरुळ)

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत भरात असते, पुढे मिळाली तरी मऊ आणि महाग. मऊ फळ बुडवायला घेऊच नका. आतून रस सुटतो आणि आवरणाला भोक पाडून बाहेर येतो.

उन्हाळ्यातलं उत्तर म्हणजे वेलची केळी. पिकलेलं पण कडक, ठिपके न पडलेलं केळं सोला, उभं अर्धं करा आणि कापलेली बाजू सपाट धरून खालून आइस्क्रीमची काडी खोचा. काडी म्हणजे मूठ, केळं म्हणजे पातं, बॅट तयार! बटर पेपरवर मांडून फ्रीझरमध्ये तीन तास ठेवा. दोनशे ग्रॅम चॉकलेटमध्ये दोन चमचे खोबरेल घाला, नाहीतर गारठलेल्या केळ्यावर थर जाड बसतो आणि तडकतो. उभट ग्लासात चॉकलेट ओतलं तर बुडवायला सोपं. बुडवल्यावर मिनिटाच्या आत कडक होतं, म्हणून दाण्याचं कूट किंवा रंगीत साखर लावायची तर दुसऱ्या माणसाने शेजारी तयार बसायला हवं. पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट तिथूनच वाढा.

हापूसच्या फोडी मोह पाडतात, पण निसरड्या आणि रसाळ. इंचभराच्या फोडी चार तास गोठवून, बुडवून, तशाच गार खाल्ल्या तर ठीक. ताटात दहा मिनिटं राहिल्या की खाली पाण्याचं तळं. कलिंगड तर विसराच.

फेब्रुवारी-मार्चला संत्र्याच्या फोडी जरूर करा. पातळ साल न फाटता फोड सुटी केली तर ती बाहेरून कोरडीच असते. पांढरे धागे काढा, तासभर पंख्याखाली ठेवा, अर्धी डार्कमध्ये बुडवा, वर मिठाचे दोन-चार खडे. पावसाळ्यात, फुटबॉलच्या रात्रींना, सुकलेलं फळ बरं: जर्दाळू, बी काढून बदाम भरलेला खजूर आणि आवळा कँडी. आवळा कँडी वरून साखर झटकून घेतली तर डार्क चॉकलेटमध्ये फार छान लागते. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही याचं आम्हाला नवल वाटतं.

प्रश्न : तपकिरी चॉकलेटवर पांढरी ‘लेस’ काढलेल्या स्ट्रॉबेरीचे फोटो दिसतात. तो कुठला खेळ? (बेलापूर)

तो अमेरिकन फुटबॉल. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता आणि तपकिरी, त्यावर पांढऱ्या बंदाची शिवण. तिथे फेब्रुवारीत सुपर बोल असतो, त्या दिवशी या स्ट्रॉबेऱ्या करतात. स्ट्रॉबेरीचा आकार त्या चेंडूला जन्मजात जुळतो, त्यामुळे करायला सगळ्यांत सोप्या याच: मिल्क किंवा डार्कमध्ये बुडवा, कडक झाल्यावर मध्ये एक उभी रेघ आणि तिच्यावर चार छोट्या आडव्या. आपल्याकडे तो सामना सोमवारी पहाटे दिसतो. पण पहिल्यांदाच कोन हातात धरणाऱ्याने सराव याच नक्षीवर करावा.

आपला फुटबॉल हवा असेल तर पांढऱ्या आवरणावर मध्ये एक काळा पंचकोन आणि त्याच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या पाच रेषा पुरेत. जुन्या धाटणीच्या चेंडूवर १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षट्‌कोन असतात, ते सगळे काढायच्या नादाला लागू नका.

प्रश्न : सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वीसजण. संध्याकाळी साडेसातची मॅच. किती सामान आणि कधी सुरुवात? (कासारवडवली, ठाणे)

माणशी तीन धरा, म्हणजे साठ नग. मध्यम स्ट्रॉबेरी साधारण १८ ते २० ग्रॅमची. सव्वा किलो आणा, त्यातली दबलेली-फुटलेली वगळून साठ निघतील. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या फळबाजारात घेत असाल तर पेटी उलटून खालचा थर बघा, वरची रांग नेहमीच देखणी असते. एका फळाला आठ-दहा ग्रॅम आवरण लागतं, म्हणजे सहाशे ग्रॅम. पण भांड्यात चॉकलेट खोल असल्याशिवाय फळ बुडत नाही, म्हणून आठशे ग्रॅम घ्या आणि दोन हप्त्यांत वितळवा. शिवणीसाठी शंभर ग्रॅम वेगळं. उरलेलं चॉकलेट बटर पेपरवर ओतून त्यात शेंगदाणे, मनुका पेरा, त्याचे तुकडे मॅच संपेपर्यंत टिकत नाहीत.

सकाळी अकराला धुवा आणि वाळवायला ठेवा. दोनला बुडवायला बसा. दोघं असाल तर तासाभरात होतं. साडेतीनला शिवण. पाचनंतर हात लावू नका, सुकू द्या. आदल्या रात्री करू नका. चोवीस तासांत स्ट्रॉबेरी आवरणाच्या आत रस सोडते आणि टोपीजवळून चिकट पाक गळू लागतो. टोपीखाली अर्धा सेंटिमीटर जागा न बुडवता सोडलीत तर हा पाक थोडा उशिरा येतो. त्याच कारणाने काडी टोचू नका, प्रत्येक भोक म्हणजे गळती.

मॅच वेळेवर सुरू होईलच असं नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो सामनाही पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला होता. अशा वेळी सगळी ताटं एकदम बाहेर काढलेली नकोत. निम्मी मांडा, निम्मी डब्यात एसीजवळ ठेवा.

आणखी एक. रंगीत साखर, मार्शमेलो असं काही वर लावणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. मार्शमेलोत प्राणिज जिलेटिन असू शकतं आणि वीसजणांत कुणी ना कुणी विचारतंच.

प्रश्न : ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने सानपाड्याला बहिणीकडे न्यायच्या आहेत. पोचतील का? (नौपाडा, ठाणे)

पोचतील, डबा आडवा राहिला तर. कागदी कप केकसाठी मिळतात तसे छोटे घ्या, प्रत्येकात एक नग, आणि कप एकमेकांना टेकतील असे घट्ट मांडा म्हणजे हलायला जागा उरत नाही. उन्हाळ्यात जेल पॅक लागेल, पण तो डब्याच्या आत नको. पिशवीत तळाला जेल पॅक, त्यावर टॉवेलची दुहेरी घडी, त्यावर डबा. गर्दीच्या वेळी पिशवी मांडीवर धरा, वरच्या रॅकवर कुणीतरी बॅग टाकतंच. सोबत कोनात थोडं व्हाइट चॉकलेट आणि दोन-चार साध्या, बिनशिवणीच्या स्ट्रॉबेऱ्या न्या. वाटेत ज्यांची शिवण पुसली त्यांच्यावर बहिणीच्या घरी पुन्हा टाके घालता येतात. कोन वितळवायला तो ग्लासात उभा करून ग्लास कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, पाणी ग्लासाच्या आत जाऊ न देता.